धोका असतो तिथे रोबोट का येत नाही

उज्जैन-देवास रस्त्यावर नरवर गावालगत विक्रम उद्योगपुरी वसली आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातली ही सुमारे ११०० एकरांची वसाहत. केंद्र सरकारने वैद्यकीय उपकरणांची उद्याने उभारायला चार राज्ये निवडली, त्यांतल्या मध्य प्रदेशच्या वाट्याचे उद्यान इथे आहे. पेप्सिकोने २०२४ साली जाहीर केलेला १२६६ कोटी रुपयांचा कारखानाही उज्जैनचाच. अशा कारखान्यांत माल उचलणे, भरणे, बंद करणे, रचणे ही कामे आज जगभर यांत्रिक हातांकडे गेली आहेत, तेव्हा ती इथेही जातील असे धरून चालायला हरकत नाही. पण याच परिसरात कामाचे दुसरे नमुनेही आहेत. मक्सी रोडवर पोह्यांच्या गिरण्या आहेत. तिथे भट्टीची आच, कोंड्याची धूळ आणि यंत्रांचा खडखडाट एकाच छपराखाली असतात. भेरूगढला बाटिकचे छापकाम चालते, ते वितळलेल्या मेणाच्या वाफेत आणि रंगाच्या पाण्यात. चंबळेच्या काठी नागदा हे कृत्रिम धाग्याचे गाव. उज्जैन महसूल विभागातच, मंदसौरला, पाटीवरच्या पेन्सिली कापल्या जातात. या सगळ्या जागांपैकी रोबोट आधी कुठे येईल, असे विचारले तर जाणकार काय, कुणीही चटकन विक्रम उद्योगपुरीकडे बोट दाखवील. मला त्या चटकन दिलेल्या उत्तराचाच विचार करायचा आहे. रोबोटमुळे कामगाराची सुरक्षितता वाढते की घटते, या प्रश्नावर जगभर गेली चाळीस वर्षे लिहिले जात आहे. बहुतेक लिखाण रोबोट बसवलेल्या कारखान्यापासून सुरू होते. तो तिथेच का बसला आणि शेजारी का नाही, हा प्रश्न त्यात मागे राहतो.

आधी रोबोटच्या बाजूने जे पुरावे आहेत ते नीट मांडले पाहिजेत, कारण ते भक्कम आहेत. रानिया गिहलेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि जर्मनीतल्या आकडेवारीवर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत ज्या भागांत कारखान्यांतले रोबोट ठळकपणे वाढले, तिथे कामावरच्या इजा दर शंभर कामगारांमागे वर्षाला सुमारे १.२ ने घटल्याचे त्यांना दिसले. जर्मनीत कामातले शारीरिक कष्ट कमी झाले आणि अपंगत्वाचे प्रमाणही उतरले. यात नवल नाही. वेल्डिंगच्या ठिणग्या, रंगाची फवारणी, ओतकामाची धग, वीस-पंचवीस किलोचा भाग दिवसातून शेकडो वेळा उचलणे, यांतून माणूस बाहेर आला की त्याचे डोळे, फुफ्फुसे आणि कंबर वाचणारच. महाराष्ट्रातले उदाहरण चाकणचे आहे. बजाज ऑटोने २०१०च्या सुमारास पिंजऱ्याविना माणसाच्या शेजारी चालणारे हलके रोबोट वापरायला सुरुवात केली आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. बोल्ट ठराविक जोराने आवळण्यासारखी मनगट आणि खांदा झिजवणारी कामे त्यांच्याकडे दिल्यामुळे ताकदीची अट सैल झाली आणि जुळणीच्या कामावर स्त्रियांना उभे राहणे सोपे झाले. हा लाभ खरा आहे, आणि रोबोटविरोधाच्या भरात तो नाकारण्यात काही शहाणपण नाही.

आता मृत्यूंकडे पाहू. रोबोटने माणूस मारल्याची पहिली नोंद २५ जानेवारी १९७९ची, मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या फोर्डच्या ओतशाळेतली. १९८१ साली जपानमध्ये आकाशीच्या कावासाकी कारखान्यात दुरुस्तीसाठी कुंपणाच्या आत गेलेला कामगार गेला. २०१५च्या जूनअखेर जर्मनीत बाउनाटाल इथे फोक्सवॅगनच्या कारखान्यात रोबोट बसवण्याचे काम करणारा ठेकेदाराचा तरुण गेला. त्याच वर्षी १२ ऑगस्टला मानेसरमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पत्रा नीट बसवायला पुढे झालेला २४ वर्षांचा कामगार वेल्डिंग रोबोटच्या हातात सापडला. २०२३च्या नोव्हेंबरात दक्षिण कोरियात भाज्यांच्या पेट्या उचलणाऱ्या रोबोटची तपासणी करणारा तंत्रज्ञ दगावला. अमेरिकेतल्या १९९२ ते २०१७ या काळातल्या अशा मृत्यूंचा शोध घेतला तेव्हा सव्वीस वर्षांत ४१ सापडले. त्यांतले तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक आपोआप हलणाऱ्या रोबोटचा फटका बसून गेले होते, आणि दुरुस्ती-देखभालीचे काम चालू असतानाचे प्रसंग त्यांत पुष्कळ होते. एवढ्या मोठ्या देशात सव्वीस वर्षांत ४१ ही संख्या लहानच आहे. आपल्याकडे पॉवर प्रेस, फटाक्यांचे कारखाने आणि बॉयलर यांच्या पुढे ती दिसणारसुद्धा नाही. म्हणून ‘रोबोट माणसाला मारतो’ ही भीती वर्तमानपत्रांना शोभते, आढाव्याला नाही. या घटनांतून शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सुरळीत चालू असलेल्या रोबोटने सहसा कुणाला मारलेले नाही. माणूस गेला तो काहीतरी अडकले, वाकडे झाले, थांबले किंवा बसवायचे-तपासायचे होते त्या मधल्या वेळात. आणि त्या मधल्या वेळात आत जाणारा माणूस बऱ्याचदा त्या कारखान्याच्या पटावरचा नसतो. तो ठेकेदाराचा फिटर असतो, हेल्पर असतो किंवा यंत्र पुरवणाऱ्याने पाठवलेला तंत्रज्ञ असतो.

नागद्याच्या धंद्यातले रसायन माहीत असलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. व्हिस्कोस धागा बनवताना कार्बन डायसल्फाइड वापरावा लागतो. त्याने मज्जातंतू आणि मेंदू बिघडतात, हे रबराच्या कामावरचे फ्रेंच कामगार पाहून ऑगस्त देल्पेक या डॉक्टरने १८५०च्या दशकातच लिहून ठेवले होते. पुढे व्हिस्कोसची सूतकताई यंत्रे काचेच्या खिडक्यांआड बंदिस्त झाली आणि हवेतले प्रमाण उतरले. पण धागा तुटतो. तुटला की खिडकी उघडून हात आत घालावा लागतो आणि वायूचा मोठा झोत त्या एका मिनिटात अंगावर येतो. दिवसभराची सरासरी काढली तर आकडा मर्यादेत बसतो. खिडकी दिवसातून किती वेळा उघडावी लागली, हे मात्र त्या सरासरीत दिसत नाही. बंदिस्त यंत्र असो की रोबोट, धोका यंत्राच्या चालण्यातून निघून यंत्राच्या अडण्यात जातो. त्यामुळे यंत्र किती वेळा अडते, अडल्यावर वीज तोडून कुलूप लावायला वेळ मिळतो का, की उत्पादनाचा आकडा गाठण्यासाठी दार उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक तार जोडून निकामी केला जातो, यावर माणसाचे हातपाय अवलंबून राहतात. इंटरलॉक बायपास करणाऱ्याला आपण बेशिस्त म्हणतो. खरे तर त्याला थांबण्याची किंमत मोजावी लागते आणि न थांबण्याची शाबासकी मिळते. त्याच्या जागी दुसरा कुणी उभा केला तरी तो तेच करील.

वेगाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, आणि या विषयावरचे अलीकडचे सर्वांत महत्त्वाचे पुरावे तिथले आहेत. अॅमेझॉनच्या गोदामांत सामानाचे कप्पे उचलून कामगारापर्यंत आणणारे रोबोट आले, तेव्हा मैलोन्मैल चालण्याचे कष्ट वाचतील असे सांगितले गेले, आणि ते वाचलेही. रिव्हील या शोधपत्रकारांच्या संस्थेने २०२० साली कंपनीच्या २०१६ ते २०१९च्या अंतर्गत नोंदी मिळवल्या. रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर इजांचे प्रमाण रोबोट नसलेल्या गोदामांपेक्षा सुमारे निम्म्याने जास्त निघाले. चालणे संपल्यावर एका जागी उभे राहून तासाला शंभरच्या ऐवजी तीनशे-चारशे वस्तू उचलण्याची अपेक्षा होऊ लागली होती. कंपनीने हा निष्कर्ष मान्य केला नाही. त्यानंतरच्या एका शैक्षणिक अभ्यासाने चित्र अधिक बारीक केले: रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर इजा सुमारे ४० टक्क्यांनी कमी, पण किरकोळ म्हणून नोंदल्या जाणाऱ्या इजा ७७ टक्क्यांनी जास्त. हे दोन निष्कर्ष एकमेकांशी भांडतात असे वरवर वाटते. गंभीर इजांबाबत त्यांचा मतभेद खरा आहे आणि तो मिटलेला नाही. पण दोघांतून एक गोष्ट सारखीच दिसते. पडणे, आदळणे, चेंगरणे यांपासून वाचवलेले शरीर त्याच खांद्याने, त्याच मनगटाने, तीच हालचाल अधिक वेळा करू लागले.

मराठी वाचकाला यासाठी अमेरिकेत जायचे कारण नाही. मुंबईच्या गिरण्यांतला १९२८चा सार्वत्रिक संप आठवावा. कारणे बरीच होती, पण त्यांतले मुख्य होते मालकांचे ‘रॅशनलायझेशन’: विणकराने दोनऐवजी तीन माग पाहायचे, सूतकताईवाल्याने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. मालकांचे म्हणणे, यंत्रे सुधारली, आता काम हलके झाले. कामगारांचे म्हणणे, यंत्राने वाचवलेला श्वास तुम्ही परत मागून घेताय. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर राहिले ते या प्रश्नावरही. रोबोट आला की वाचलेला वेळ कुणाचा, हा वाद शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे झालेला आहे, आणि त्यात तंत्रज्ञानापेक्षा वाटाघाटीचाच भाग मोठा होता.

इथे एक कागदी अडचण येते, आणि मला ती सगळ्यांत दुर्लक्षित वाटते. कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेल्या व्यावसायिक आजारांची यादी होती. त्यात २९ आजार होते: शिसे, पारा, आर्सेनिक यांची विषबाधा, सिलिकोसिस, कापसाच्या धुळीचा बायसिनोसिस, कार्बन डायसल्फाइडची विषबाधा, गोंगाटाने येणारा बहिरेपणा वगैरे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही यादी तेवढीच राहिली. एकच हालचाल करून झिजलेला खांदा, सुजलेले मनगट, कायमची धरलेली कंबर यांना त्यात जागा नाही. रोबोट जर अपघाताचे रूपांतर झिजेत करत असेल, तर या यादीमुळे त्याची हजेरी वहीत निखळ सुधारणा म्हणून उमटते. बोट तुटले की नोंद होते, राज्य विम्याचा दावा होतो, निरीक्षक येतो. खांदा झिजला की कामगार गावी जातो. वैद्यकीय उपकरणांच्या उद्यानात सिरिंज, कॅथेटर, नळ्या यांच्या जुळणीचे काम असेच असते. ते स्वच्छ, थंड आणि हलके असते, पण मिनिटाला ठराविक वेळा होते. तिथे पाच वर्षांनी अपघातांचा तक्ता कोरा दिसला तर उज्जैनचे कामगार धडधाकट आहेत असा अर्थ काढणे घाईचे होईल.

आतापर्यंतचे सगळे रोबोट आलेल्या जागांविषयी झाले. आता न आलेल्या जागांकडे वळतो. मंदसौरच्या पाटी-पेन्सिलीचा दगड विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीने कापतात आणि त्या धुळीत सिलिका भरपूर असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी तिथल्या ५९३ कामगारांची तपासणी केली. १९८५ साली तिचे निष्कर्ष छापून आले: ५४.६ टक्के कामगारांना सिलिकोसिस होता. दोनांतला एक, आणि तोही तरुण वयात. हा आजार बरा होत नाही. धूळ ओढून घेणारी साधी यंत्रणा संस्थेने तयार करून दाखवली. मध्य प्रदेश सरकारने १९८२ साली स्लेट पेन्सिल कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा केला, म्हणजे आजार सरकारला ठाऊक होता. यांत्रिक हाताने करायला याहून सोपे काम शोधून सापडणार नाही. ठराविक मापाचा दगड, ठराविक काप, चौकोनी बंद पेटी. तरीही जगातल्या कुठल्याच रोबोट कंपनीला मंदसौरचे गिऱ्हाईक मिळाले नाही. कारण उघड आहे. पेन्सिल स्वस्त, मजूर त्याहून स्वस्त, आणि फुफ्फुसाचा खर्च कारखानदाराच्या वहीत चढत नाही. तो कामगाराच्या घरच्यांवर आणि थोडासा कल्याण निधीवर पडतो. वेल्डिंगमध्ये रोबोट आला, कारण वाकडा सांधा असलेली गाडी परत येते आणि त्याचा खर्च कंपनीलाच भरावा लागतो. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या आकडेवारीनुसार भारतात २०२३ साली ८५१० आणि २०२४ साली ९१०० औद्योगिक रोबोट बसले, आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा वाहन उद्योगाचा होता. हा सगळा पैसा अचूकपणा, वेग आणि महाग मजुरी यांच्या मागे गेला. सुरक्षितता त्याच्यासोबत आली, पण तिच्यासाठी म्हणून कुणी तो खर्च केला नाही.

हेच चित्र वाहन उद्योगात उभ्या उतरंडीवर दिसते. वरच्या जुळणीच्या कारखान्यात पिवळे-केशरी यांत्रिक हात असतात, प्रकाशाचा पडदा तोडला की यंत्र थांबते. त्याला पत्र्याचे भाग पुरवणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या शेडमध्ये जुनी पॉवर प्रेस असते, तिला सेन्सर नसतो, आणि बारा तासांच्या पाळीत कामगाराची बोटे जातात. सेफ इन इंडिया ही संस्था गुरुग्राम-फरिदाबाद पट्ट्यातल्या आणि पुढे महाराष्ट्रातल्या अशा जखमी कामगारांचा ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल २०१९पासून दरवर्षी काढते. त्यांतले बहुतेक अपघात पॉवर प्रेसवरचे आणि बहुतेक जखमी ठेक्यावरचे, असे त्यात पुन्हा पुन्हा दिसते. रोबोटवाल्या कारखान्याचा सुरक्षा-अहवाल वाचताना हा खालचा मजला त्यात धरला आहे का, ते आधी पाहावे. नसेल तर तो अहवाल अर्धाच आहे.

याला उलटा दाखला एकच ठळक आहे, आणि तो शहरांच्या गटारांतला आहे. २०१३च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात उतरवणे गुन्हा ठरले. मार्च २०१४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली, ऑक्टोबर २०२३मध्ये ती तीस लाख केली. तरी संसदेत २०२३ साली दिलेल्या माहितीनुसार आधीच्या पाच वर्षांत ३३९ माणसे गटारे आणि सेप्टिक टाक्या साफ करताना मेली. पण याच दबावाखाली केरळमधल्या जेनरोबोटिक्सच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ साली बॅंडिकूट हा मॅनहोल साफ करणारा रोबोट बाजारात आणला आणि एकेका महापालिकेने तो घेतला. कॅमेरा, वायूचे सेन्सर आणि गाळ काढणारा हात मॅनहोलमध्ये उतरतो, माणूस रस्त्यावर पडद्यासमोर बसतो. इथे मजुरी महाग नव्हती. गटारात उतरणारा माणूस या देशात फार स्वस्तात मिळतो, आणि तो कुठल्या जातींतला असतो हे सांगायला नको. रोबोट आला तो मरणाला किंमत आणि गुन्हेगारी जबाबदारी चिकटली म्हणून, तीसुद्धा अपुरी चिकटली तेवढ्यावर. उज्जैनला या उदाहरणाकडे दुर्लक्ष करणे परवडणार नाही. स्वच्छ सर्वेक्षणाच्या सुपर स्वच्छ लीगमध्ये तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांत उज्जैनचे नाव आहे, शहरात भुयारी गटारांचे जाळे वाढते आहे, आणि २०२८चा सिंहस्थ तोंडावर आहे. महिनाभरात कोट्यवधी माणसांचा भार पडल्यावर जी चेंबरे तुंबतील, ती रात्री दोन वाजता कुणाला बोलावून उघडली जातील, हे निविदांच्या कागदांत आजच लिहिले गेले पाहिजे.

यावर उद्योगांच्या बाजूने एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. रोबोटवर नियमांचे ओझे टाकले तर लहान कारखानदार तो घेणारच नाही, मग कामगार आहे त्याच धुळीत आणि धगीत राहील, असे त्याचे म्हणणे आहे. पोह्याच्या गिरणीला रोबोटच्या पिंजऱ्याचे आंतरराष्ट्रीय मानक लावायला गेलात तर तो मालक भट्टीपुढे माणूसच उभा करील, हे खरे आहे. पण या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरली आहे: रोबोटच्या धोक्याला नियम लागतील आणि धुळीच्या धोक्याला लागणार नाहीत. तराजूचे एकच पारडे जड केले तर काटा झुकणारच. धुळीची मर्यादा प्रत्यक्ष मोजली गेली, सिलिकोसिसची भरपाई खरोखर द्यावी लागली, तर रोबोट किंवा त्याहून कितीतरी स्वस्त असा धूळ ओढणारा पंखा आपोआप परवडू लागतो. मंदसौरला रोबोटची गरज नव्हतीच, पंख्याची होती. सुरक्षिततेच्या चर्चेत रोबोटची चमक इतकी असते की अनेक ठिकाणी उपाय शंभर पट स्वस्त आणि पन्नास वर्षे जुना आहे, हे विसरले जाते.

दुसरा आक्षेप कामगार चळवळीकडून येतो. हाताला इजा होण्यापेक्षा हाताचे काम जाणे वाईट, असे तो सांगतो. गिहलेब यांच्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग त्याला दुजोरा देतो. अमेरिकेत रोबोट वाढलेल्या भागांत अमली पदार्थ आणि दारूशी निगडित मृत्यू वाढले, मानसिक आजार वाढले. जर्मनीत मात्र मनाच्या आरोग्यावर असा परिणाम दिसला नाही. यंत्रे दोन्हीकडे साधारण तीच होती. जर्मनीत नोकरीला संरक्षण होते, कामगारांच्या प्रतिनिधींना कारखान्याच्या निर्णयात जागा होती, काम बदलून दिले जात होते. काम गेल्यावर माणसाचे आरोग्य काय होते, हे उज्जैनला विनोद मिलने दाखवले आहे. मिल बंद पडल्यावर कामगारांची देणी मिळायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि पैसे हातात पडेपर्यंत दोन दशकांहून अधिक काळ उलटला. १९८२च्या संपानंतर गिरणगावात काय झाले, ते मराठी वाचकाला सांगायला नको. या आक्षेपाचे पहिले पाऊल मला पटते, दुसरे पटत नाही. काम जाण्याच्या भीतीने धोकादायक काम राखून ठेवणे म्हणजे गटारात उतरणाऱ्याला त्याचा रोजगार जाईल म्हणून उतरू देण्यासारखे आहे. पुनर्वसन आणि यंत्र यांची सांगड एकाच करारात घालणे हे करता येण्यासारखे आहे. सफाई कामगारांसाठीच्या नमस्ते योजनेचा हेतू कागदावर तोच आहे, आणि कारखान्यांसाठी तसे काहीच नाही.

कायद्याच्या रचनेत मला जी गोम दिसते ती वेगळ्याच ठिकाणी आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाली. विजेवर चालणारा कारखाना कायद्याच्या दृष्टीने कारखाना ठरण्यासाठी आता दहाऐवजी वीस कामगार लागतात. सुरक्षा समिती बंधनकारक होते ती सर्वसाधारणपणे ५०० कामगारांवर. कायदा डोकी मोजतो. जिथे रोबोट येतात तिथे डोकी कमी होतात. सहाशे माणसांचा कारखाना यांत्रिक हात बसवून साडेतीनशेवर आला, तर नेमक्या त्या वेळी, जेव्हा कुंपणे, इंटरलॉक, वेग आणि देखभालीच्या पद्धती नव्याने ठरवायच्या असतात, त्याची सुरक्षा समितीच बंधनातून सुटते. पोह्याच्या गिरणीत अठरा माणसे आणि एक गोण्या रचणारा रोबोट असेल तर ती कारखानाच नाही. यंत्राची ताकद, आपोआप हलणाऱ्या भागांची संख्या किंवा त्याचा वेग यावरून कायद्याची पायरी ठरवणे अशक्य नाही. बॉयलरला आपण शंभर वर्षे वेगळा कायदा लावतो आहोत, आणि तिथे कुणी भोवतालची माणसे मोजत बसत नाही.

याच संहितेने चाळिशीपुढच्या कामगाराला वर्षातून एकदा मोफत तपासणी दिली आहे. चांगलीच गोष्ट आहे, पण जुळणीच्या पट्ट्यावर उभी राहणारी मुलगी विसाव्या-बाविसाव्या वर्षी येते आणि बहुधा तिशीच्या आतच काम सोडते. तिचा खांदा कुणी कधी तपासणार नाही. विक्रम उद्योगपुरीत अजून भूखंड दिले जात आहेत आणि कारखाने उभे राहत आहेत, म्हणजे अटी घालायची वेळ गेलेली नाही. पट्ट्याचा वेग बदलायचा तर कामगारांच्या प्रतिनिधीची सही लागेल, रोबोट किती वेळा अडला आणि दर वेळी आत कोण गेले याची वही ठेवावी लागेल, ठेकेदाराच्या माणसाची इजा कारखान्याच्या नावावर चढेल, आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या खांदा-मनगट-कंबरेची नोंद होईल, एवढे चार मुद्दे भूखंडाच्या करारात घालायला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांतली अडण्याची वही सर्वांत स्वस्त आहे, आणि कारखान्यांकडून सर्वांत जास्त विरोध तिलाच होईल.